पुस्तकं, वेब सिरीज आणि महिन्याची ५ तारीख



दोन वर्षांपूर्वी मी चॅनेलवर एक व्हिडिओ टाकला होता. धंदा सुरू करण्याआधी काय वाचायलाच हवं आणि काय बघायलाच हवं, अशी दहा नावांची यादी. सहा पुस्तकं, चार सिरीज. आजही माझा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच आहे. रस्त्यात कोणी ओळखलं तर म्हणतो, "सर, ती यादी भारी होती."

ती यादी मी आज मागे घेतोय. का, ते आधी सांगतो. मग गेल्या काही महिन्यांत जे पुन्हा वाचलं, पुन्हा पाहिलं, त्याबद्दल माझं स्पष्ट मत सांगतो. व्हिडिओत एवढं बसत नाही म्हणून इथे लिहितोय.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी: माझं जळगावात पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. पाऊच, बरण्या, खोके, टेप, स्टिकर, सीलिंग मशीन. पापड, बिबड्या, केळी वेफर्स, मसाले, लोणची करणारा प्रत्येक नवा माणूस कधी ना कधी माझ्या काउंटरसमोर उभा राहतो. रविवारी मी धुळ्याला बॅच घेतो. सकाळची एसटी पकडायची, एरंडोल, पारोळा करत धुळं. माझं बरंचसं वाचन त्या बसमध्येच झालंय. सिरीज रात्री, दुकानाचा हिशेब झाल्यावर.

तर झालं असं. दिवाळीनंतर एके दिवशी धुळ्याच्या बॅचमधला एक मुलगा दुकानात आला. नाव लिहीत नाही. सोबत तीन मोठी खोकी. म्हणाला, "सर, हे परत घ्याल का?"

आत पाऊच होते. छापील, तीन रंगी, त्याच्या ब्रँडचं नाव असलेले. २० हजार छापले होते, १४ हजार शिल्लक. माझ्याच दुकानातून छापून घेतलेले.

दुसऱ्याच्या नावाचा छापील पाऊच परत घेऊन मी करणार काय? त्यालाही ते माहीत होतं. तरी विचारत होता, म्हणजे काय अवस्था असेल बघा.

मुलगा आळशी नव्हता, मालही खराब नव्हता. हे महत्त्वाचं आहे. आईच्या हातच्या ज्वारीच्या बिबड्या तळून, मसाला लावून १०० ग्रॅमच्या पाकिटात. चव एक नंबर, मी स्वतः घरी नेल्यात. एका खासगी कंपनीत स्टोअर सांभाळायचा, १८ हजार पगार. ती नोकरी सोडली. जमवलेले १ लाख १० हजार आणि पतसंस्थेतून घेतलेले ८० हजार, असं १ लाख ९० हजारांचं भांडवल. त्यातले ६८ हजार सिलिंडर धरून पाऊचमध्ये गेले, ३४ हजार मशीन आणि काट्यात. उरलेल्या ८८ हजारात ज्वारी, तेल, मसाला, गाडीचं पेट्रोल.

आठ महिन्यांत सहा हजार पाकिटं विकली. नव्या माणसासाठी हा आकडा वाईट नाही. पण विकली म्हणजे दुकानात ठेवली. धुळे, शिरपूर, दोंडाईचा मिळून ३१ किराणा दुकानं. "विकल्यावर पैसे देतो." मग, "पुढला हप्ताले ये भाऊ." असं करत ६२ हजार रुपये बाजारात अडकले. आणि पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला. ५ तारीख काही पुढल्या हप्त्याला येत नाही.

जाताना तो म्हणाला, "तुमच्या यादीतली दहाच्या दहा संपवली सर मी."

तक्रार म्हणून नाही म्हणाला. अभिमानाने सांगितलं, चांगल्या विद्यार्थ्याने सांगावं तसं. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही. कारण सरळ आहे. छापील पाऊचला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो, त्याचा खर्च वेगळा, आणि छापणारा ठराविक वजनाच्या खाली माल छापतच नाही. हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षी साधा पाऊच आणि वर स्टिकर एवढ्यावर भागतं, हेही माहीत होतं. त्याने ब्रँड-ब्रँड केलं आणि मी ऑर्डर लिहून घेतली. त्या ऑर्डरवर मला ९ हजार सुटले होते. म्हणजे पुस्तकांची यादीही माझी आणि पाऊचही माझे.

त्या आठवड्यापासून मी यादीतली पुस्तकं परत काढली. यावेळी हातात पेन्सिल आणि डोक्यात एकच प्रश्न: या गोष्टीतल्या माणसाकडे महिन्याच्या ५ तारखेला पैसे कुठून आले?

एवढा एक प्रश्न घेऊन वाचा. पुस्तक बदलतं.

आधी 'शू डॉग' घेऊ. नाइकी कंपनी उभी करणाऱ्या फिल नाइट यांचं आत्मचरित्र. यादीत मी हे पहिल्या नंबरला ठेवलं होतं. तेव्हा मी काय सांगितलं होतं? पोरगं जपानला जातं, बुटांची एजन्सी मिळवतं, गाडीच्या डिकीतून बूट विकतं, आणि जगातली मोठी कंपनी होते. जिद्द बघा, वगैरे. सगळं खरं आहे. पण मी एक गोष्ट सांगितलीच नव्हती. १९६४ साली नाइट आणि त्यांचे कोच बॉवरमन यांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून धंदा सुरू केला, आणि त्यानंतर पाच वर्षं नाइट नोकरी करत होते. आधी अकाउंटंट, मग पोर्टलंडच्या विद्यापीठात शिकवायला. १९६९ साली, धंदा चालतोय हे दिसल्यावर, नोकरी सोडली. पाच वर्षं! आपला मुलगा पाच आठवड्यांत राजीनामा देऊन मोकळा झाला होता, आणि तोही हेच पुस्तक वाचून.

पुस्तकाची जवळजवळ निम्मी पानं बँकेच्या भांडणांची आहेत. विक्री दरवर्षी दुप्पट होतेय आणि बँकेचा माणूस सांगतोय की वाढ जरा आवरा, खात्यात शिल्लक दिसू द्या. पहिल्यांदा वाचताना मला तो बँकवाला खलनायक वाटला होता. आता वाटतं, त्याचं फारसं चुकत नव्हतं. १९७५ साली चेक परत जायची वेळ आली, बँकेने हात वर केले, आणि एका जपानी व्यापारी कंपनीने देणं भागवलं म्हणून नाइकी वाचली. माल खपत असताना! पुस्तक उत्तमच आहे. यादीत राहणार. पण आता मी सांगेन की नोकरीची आणि बँकेची पानं दोनदा वाचा, बाकीची एकदा वाचली तरी चालतील.

आता आपल्या घरचं उदाहरण. जळगावात धंद्याचं काहीही बोलायला लागलं की कोणीतरी म्हणतंच, "भवरलालजींनी सात हजारात सुरू केलं होतं." भवरलाल जैन, जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे. १९६३ साली सात हजार रुपयांवर रॉकेलच्या एजन्सीपासून सुरुवात. ही गोष्ट मी स्वतः शंभर वेळा स्टेजवरून सांगितली आहे. पण ते सात हजार म्हणजे घरातल्या तीन पिढ्यांची बचत होती, हे वाक्य आपण सगळेच गाळतो. त्या काळातले सात हजार, आणि तेही तीन पिढ्यांचे. ते आजच्या सात हजारांसारखे ऐकू नका.

दुसरी गोष्ट. ते थेट कारखाना टाकायला गेले नाहीत. रॉकेल, मग शेतीला लागणाऱ्या मालाच्या एजन्स्या. दुसऱ्याचा माल, ठरलेलं कमिशन. केळीची भुकटी करणारा जुना कारखाना घेऊन त्यात पपईपासून पेपेन काढायला सुरुवात केली ती १९७८ साली. मध्ये पंधरा वर्षं गेली. पंधरा वर्षं दुसऱ्याचा माल विकताना माणूस काय शिकतो? कोणता गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतो, कोणता नाही, कोणत्या महिन्यात शेतकऱ्याच्या हातात पैसा असतो. आपल्या खान्देशात कापूस, केळी निघाल्याशिवाय बाजार हलत नाही हे कुठल्याही अमेरिकन पुस्तकात लिहिलेलं नाही. ते उधारीच्या वहीतच शिकावं लागतं.

आणि पुढचंही बोलू, कारण आपण जळगावकर आहोत, आपल्याला माहीत आहे. त्यांनी उभ्या केलेल्या कंपनीलाही २०१९ च्या सुमारास कर्जाचं ओझं जड झालं आणि बँकांबरोबर कर्जाची फेररचना करावी लागली. याने त्या माणसाचं काम लहान होत नाही. ठिबक सिंचनाने इथल्या शेताचं काय केलं ते मला सांगायला नको. मी एवढंच म्हणतो, की ५ तारीख सगळ्यांनाच येते. हजारात असो की कोटीत.

भवरलालजींचं एक पुस्तक मी अगदी अलीकडे वाचलं, 'ती आणि मी'. धंद्याचं पुस्तक म्हणून कोणी याची शिफारस करत नाही, कारण ते पत्नीबरोबरच्या संसारावर लिहिलेलं आहे. मी करतो. बाहेर धंदा वाढत असताना घर कोण धरून ठेवतं, याचा हिशेब ताळेबंदात कुठेच येत नाही. आमच्याकडे तो माझ्या आईने धरला आणि आता बायको धरते. दुकान माझ्या नावावर आहे, पण ज्या महिन्यात माल अडकतो त्या महिन्यात घरातला किराणा कसा आला हे मी विचारत नाही. विचारायला पाहिजे.

आता ज्याच्यावर काही लोक चिडतील ते. 'रिच डॅड पुअर डॅड' मी यादीतून काढतोय. १९९७ सालचं पुस्तक, लाखो लोकांनी वाचलेलं, मीही बीबीए करताना भारावून वाचलेलं. त्यात एक चांगली गोष्ट आहे: खिशात पैसा आणतं ती मालमत्ता आणि खिशातून काढतं ते देणं. हे समजायला सोपं आहे. पण तेवढं एका पानात संपतं. बाकी पुस्तक वाचून पोराच्या मनात एकच भावना उरते, की नोकरी करणारा बाप बावळट. बॅचमध्ये हे मी कानाने ऐकलंय. "पप्पांनी आयुष्यभर नोकरीच केली सर." अरे बाबा, त्या नोकरीच्या पगारावर तुझी फी भरली गेली. आणि पुस्तक सांगतं, राहतं घर ही मालमत्ता नव्हे. बरं. पण बँकेत मोठं कर्ज मागायला जा, पहिला प्रश्न तारण काय, आणि बहुतेकांच्या घरात उत्तर एकच असतं, वडिलांनी पै-पै करून बांधलेलं ते घर.

सिरीजकडे येऊ. 'स्कॅम १९९२' यादीत होती. २०२० मध्ये आली, हंसल मेहतांचं दिग्दर्शन, प्रतीक गांधी हर्षद मेहता झालाय. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर बेतलेली. बघायला इतकी झकास, की मी एका रात्रीत चार भाग संपवले होते. त्यातला रिस्कवाला डायलॉग आठवत असेल. आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांचं स्टेटस तेच होतं. मी तरी काय, वर्गात म्हणून दाखवला होता. टाळ्या मिळाल्या होत्या.

पुन्हा बघताना मी गाडी, बंगला, शेअर बाजार बाजूला ठेवला आणि फक्त पैशाच्या मागे गेलो. दोन बँकांमध्ये सरकारी रोख्यांचा व्यवहार व्हायचा, दलाल मध्ये. एका बँकेने दिलेला पैसा दुसऱ्या बँकेकडे पोहोचण्याआधी काही दिवस दलालाच्या खात्यात राहायचा. त्या काही दिवसांत तो शेअर बाजारात फिरवायचा. जुनं देणं फेडायला नवा पैसा. जोपर्यंत भाव चढतो तोपर्यंत सगळे खूश. मूळ गोष्ट एवढीच आहे: दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यात आहे म्हणून तो आपला समजणं.

आता हसू नका. हे आपण लहान दुकानदारही करतो. गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी खात्यात पडून असतो, २० तारखेला भरायचा असतो, आणि १२ तारखेला आपण त्यातून माल उचलतो. लग्नाच्या ऑर्डरचा ॲडव्हान्स घेऊन दुसऱ्याचं देणं देतो. भिशी उचलून भाडं भरतो. मी केलंय हे. धंदा सुरू केल्याच्या दुसऱ्या वर्षी मी तीन महिने याच टोपीफिरवणीवर दुकान चालवलं. बाहेरून सगळं छान दिसत होतं. झोप मात्र गेली होती. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये ठेवी अडकलेली घरं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे दुसऱ्याचा पैसा फिरवला की शेवटी कोण भरतं हे आपल्याला सिरीज बघून शिकायची गरज नव्हती. तरी आपण टाळ्या वाजवल्या. ही सिरीज यादीतून काढत नाही, पण 'प्रेरणा' या कप्प्यातून काढून 'सावधान' या कप्प्यात टाकतोय.

'शार्क टँक इंडिया' तर सगळे बघतात. माझी मुलगीसुद्धा आता आईकडे खाऊ मागताना इक्विटी देते. पण आपल्याकडच्या माणसाने यातला एक भाग नीट बघावा, पहिल्या सीझनमधला मालेगाव तालुक्यातल्या कमलेश घुमरे यांचा. जुगाडू कमलेश. धुळ्याहून मालेगाव तासाभरावर, म्हणजे आपलाच माणूस. शेतकऱ्याला पाठीवर फवारणीचा पंप घ्यायला लागू नये म्हणून सायकलीच्या जोरावर चालणारं यंत्र बनवून आणलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पियुष बन्सल यांनी १० लाखांत ४० टक्के हिस्सा आणि वर २० लाखांचं बिनव्याजी कर्ज अशी ऑफर दिली.

लोकांना ३० लाख आठवतात. मी बॅचमध्ये विचारतो तेव्हा ४० टक्के कोणालाच आठवत नाहीत. ती डील चांगली की वाईट हा माझा मुद्दा नाही. त्या माणसाला पैशाबरोबर तांत्रिक मदत, ओळख, पाठबळ हवं होतं, आणि त्यासाठी एवढा हिस्सा देणं बरोबरही असेल. मुद्दा असा, की तिथे सुद्धा ३० पैकी २० लाख हे कर्जच आहे. टीव्हीवर रडून मिठी मारून झालं, तरी कर्ज ते कर्ज. आणि या कार्यक्रमामुळे आपल्या पोरांना वाटायला लागलंय की धंदा म्हणजे दहा मिनिटं चांगलं बोलणं. किराणा दुकानदाराकडून ६२ हजारांची उधारी कशी काढायची, याचा एपिसोड अजून आलेला नाही. आला तर पहिला मी बघेन.

आता मला सगळ्यात आवडलेली सिरीज. ती माझ्या जुन्या यादीत नव्हतीच, कारण मी ती या वर्षी बघितली. 'द बेअर', अमेरिकन, २०२२ मध्ये सुरू झालेली. शिव्या भरपूर आहेत, घरच्यांसोबत बघू नका. शिकागोतलं सँडविचचं दुकान. मोठ्या भावाने आत्महत्या केलीय, आणि नामांकित हॉटेलात काम केलेला धाकटा भाऊ ते दुकान चालवायला परत येतो. दुकानासोबत त्याला काय मिळतं? नात्यातल्या एका माणसाचं तीन लाख डॉलरचं देणं, न भरलेली बिलं, आणि 'आमच्याकडे असंच चालतं' म्हणणारा जुना स्टाफ.

पहिल्या भागात त्याच्याकडे मटण आणायलाही पैसे नसतात, तेव्हा तो स्वतःचे जपून ठेवलेले जुने कपडे देऊन सौदा करतो. बस. मी टीव्ही थांबवला. कोणीतरी पहिल्यांदा दुकान खरं दाखवलं. वडिलांकडून दुकान हातात आलं तेव्हा माझ्याही हातात एक किल्ली आणि तीन वह्या आल्या होत्या. दोन वह्यांत लोकांकडून येणं होतं, एकीत आपलं देणं. येणं असलेल्या वह्या जाड होत्या, पण त्यातली निम्मी नावं वारली होती किंवा गाव सोडून गेली होती.

त्या सिरीजमध्ये एक भाग आहे, ज्यात ऑनलाइन आगाऊ ऑर्डर घ्यायचं बटण चुकून चालू राहतं आणि सकाळी मशीनमधून ऑर्डरच्या चिठ्ठ्या थांबायलाच तयार नाहीत. शेकडो ऑर्डर! आपल्याला वाटतं, वा, याहून चांगलं काय? पण पंधरा-वीस मिनिटांत अख्खं किचन कोसळतं, माणसं एकमेकांवर ओरडतात, चांगली माणसं काम सोडून जातात. जास्त ऑर्डर आल्याने दुकान बुडू शकतं, हे मी पाच वर्षं फळ्यावर लिहून शिकवतोय. त्यांनी एका भागात दाखवलं.

एक मात्र चिडचिड झाली. पहिल्या सीझनच्या शेवटी टोमॅटोच्या डब्यांमध्ये लपवलेले पैसे सापडतात. (ज्यांनी बघितली नाही त्यांची माफी मागतो.) म्हणजे शेवटी त्यांनाही ५ तारखेचं उत्तर डब्यातूनच काढावं लागलं. आपल्या डब्यात टोमॅटोच असतात.

मराठीतली दोन. 'इडली, ऑर्किड आणि मी' हे विठ्ठल कामतांचं पुस्तक यादीत होतं आणि राहील. मराठीत धंद्यावरचं एवढं हातोहात फिरलेलं पुस्तक क्वचितच असेल. स्वयंपाकघरातली छोटी छोटी कामं आणि कर्जाने जीव नकोसा झालेले दिवस, दोन्ही त्यांनी लिहिलंय. यशस्वी माणसाने दुसरी गोष्ट लिहिणं दुर्मीळ आहे.

आणि दुसरं नाव वाचून तुम्ही हसाल. 'कोसला'. आपल्या खान्देशातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाडेंची कादंबरी. बारावीत मला ती अजिबात कळली नव्हती. आता व. वा. वाचनालयातून आणून परत वाचली. गावाकडच्या बऱ्या घरचा मुलगा पुण्याला शिकायला जातो, बापाच्या पैशावर राहतो, होस्टेलात पुढारपण करतो, मेसचा कारभार अंगावर घेतो, आणि हिशेब अंगाशी येतो. साहित्यवाले यातलं बाकी पुष्कळ सांगतील, तो त्यांचा प्रांत. मी दुकानदार म्हणून वाचलं तर मला दिसला चांगल्या मनाचा, सगळ्यांना खूश ठेवणारा, पैशाबद्दल बोलायला लाजणारा मुलगा. असे मुलगे दर बॅचमध्ये चार तरी असतात. बिबड्यावाला त्यातलाच होता. ३१ दुकानदारांपैकी एकालाही त्याने आवाज चढवून पैसे मागितले नव्हते. गंमत बघा, ही कादंबरी १९६३ ची आणि भवरलालजींची एजन्सीही १९६३ ची. एकाच जिल्ह्यातल्या दोन गोष्टी, पण बॅचमध्ये आजवर मी एकच सांगत आलो.

आता तुम्ही विचाराल, आणि परवा धुळ्यात एका ताईंनी विचारलंच, "सर, मग स्वप्नं बघायचीच नाहीत का? सगळं असं मोजत बसलो तर कोणी धंदाच सुरू करणार नाही."

ताई बरोबर आहेत. मी स्वतः 'शू डॉग' वाचून रात्रभर जागलो होतो, आणि ती रात्र मला हवी होती. तेवढा भाता चालला नाही तर चूल पेटत नाही. वाचन सोडा असं मी म्हणतच नाहीये. मी गुन्हा कबूल करतोय तो वेगळा. शिकवणाऱ्याने गोष्टीतला कोणता भाग सांगायचा हे निवडताना मी दरवेळी टाळ्यांचा भाग निवडला. पुस्तकात नोकरीची पाच वर्षं लिहिलेली होती, मी ती गाळली. सिरीजमध्ये दुसऱ्याचा पैसा स्वच्छ दाखवला होता, मी डायलॉग घेतला. लेखकांनी लपवलं नव्हतं, मी लपवलं. आणि आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: पुस्तक तोच लिहितो जो वाचला. १४ हजार पाऊच घरात पडलेल्या मुलाकडे कोणी प्रकाशक जात नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. ही यशोगाथा नाही. त्याला एका दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली, पगार आधीपेक्षा दीड हजाराने कमी. ३१ दुकानांपैकी आठ त्याने ठेवली, जी माल घेतानाच पैसे देतात. आई आणि तो शनिवार-रविवार माल करतात. आम्ही दोघांनी मिळून तीन रविवार बाकीची दुकानं पायी फिरलो, आग्रा रोडपासून देवपूरपर्यंत. ६२ पैकी ३९ हजार निघाले. २३ हजार अजून बाकी आहेत आणि त्यातले बरेच येणार नाहीत, असं माझं मत. पतसंस्थेचे हप्ते चालू आहेत. त्या पाऊचच्या ऑर्डरवरचे ९ हजार मी त्याला परत दिले. तो घेत नव्हता, त्याच्या आईने घेतले. बॅचला तो आता येत नाही. मी बोलावलंही नाही.

माझ्या दुकानात एक बदल केलाय. पहिल्यांदा छापील पाऊच मागायला येणाऱ्याला मी आधी साधे ५०० पाऊच आणि स्टिकरचा रोल देतो. सहा महिने विक्री झाली की मग छापू. काही गिऱ्हाइकं चिडून शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत.

आणि ही नवी यादी. दहा नाही, चार. 'शू डॉग', 'इडली, ऑर्किड आणि मी', 'ती आणि मी', आणि बघायला 'द बेअर'चा पहिला सीझन. प्रत्येक वेळी वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: सुरुवातीचा पैसा कोणाचा होता, तो संपल्यावर घर कशावर चाललं, आणि पहिला पैसा रोखीत हातात यायला किती दिवस लागले.

मग त्याच वहीत पुढच्या पानावर स्वतःबद्दल तीच तीन उत्तरं लिहा. येत्या रविवारी धुळ्याच्या बॅचला येणाऱ्यांनी ती वही सोबत आणायची आहे. ज्यांचं दुसरं उत्तर कोरं असेल त्यांनीही यायचं. फक्त राजीनामा देऊन येऊ नका.